बिनतोंडाचा गोळा

फागी झुगरेच्या हातच्या खळीला अख्ख्या मोखाडा तालुक्यात तोड नाही, आणि हे कोणी तिला सांगितलं तर ती म्हणते, "खळ काय, कोणीबी शिजवील." हे साफ खोटं आहे. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजत घालायचे, पाट्यावर गंधासारखे बारीक वाटायचे, कसर लागू नये म्हणून मेथीचं पीठ घालायचं आणि मंद जाळावर हात न थांबवता ढवळत राहायचं, हे कोणालाही जमत असतं तर तिच्या नवऱ्याला केव्हाच जमलं असतं. जैतूला ते आजवर जमलेलं नाही.

जैतू बोहाड्याची सोंगं करतो. उन्हाळा तोंडावर आला की इकडच्या गावागावांतून देवांचे मुखवटे घालून नाचतात, तो बोहाडा. नरसिंह, रावण, गणपती, शारदा, किती म्हणून तोंडं सूर्यमाळ गावच्या या एका पडवीतून बाहेर पडली असतील त्याची गणती नाही. आधी मातीचा साचा, साच्यावर राख, राखेवर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर. थर वाळले की आतली माती काढायची आणि रंग द्यायचा. जैतूच्या नरसिंहाकडे बघून जव्हारच्या बाजारात एकदा एक म्हैस दावं तोडून पळाली होती. ही गोष्ट तो स्वतः सांगतो, त्यामुळे तिच्यात म्हैस किती आणि जैतू किती हे ज्याचं त्यानं ठरवावं.

या घराण्यात एक रीत होती. सोंगाच्या कागदाला बाईनं हात लावायचा नाही. त्या तोंडात देव येऊन बसणार, तेव्हा थर देणारा हात बाप्याचाच हवा. खळ बाईनं केलेली चालते, कागद फाडलेला चालत नाही. हा हिशेब कोणी आणि कसा मांडला हे विचारायची सोय नव्हती, कारण मांडणारे सगळे वर गेले होते. फागी नवी नवरी असताना एकदा गणपतीचा ओला कान घसरायला लागला आणि घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिनं तो दोन बोटांनी जागच्या जागी धरून ठेवला. जैतू येईपर्यंत तासभर ती तशीच उभी. कान वाचला, पण सासूनं अख्खा गणपती वाघ नदीत नेऊन सोडायला लावला आणि जैतू दोन दिवस बायकोशी बोलला नाही. त्याला चौतीस वर्षं झाली. तेव्हापासून फागी खळीचं पातेलं पडवीच्या उंबऱ्यावर ठेवते, हातानं आत सरकवते आणि तिथेच बसून बघते.

बघते म्हणजे किती बघते! कोणत्या सोंगाला किती थर, कपाळाला कुठे दुमडून कागद घालायचा, नाकाच्या दांड्यावर भार कसा येतो, हे तिला तोंडपाठ आहे. नागलीची, म्हणजे नाचणीची, लावणी, भात, पाण्याची खेप, दोन पोरांची लग्नाची वयं आणि पोरांनी त्याकडे केलेलं दुर्लक्ष, एवढं सगळं सांभाळून दुपारची घटकाभर ती उंबऱ्यावर बसतेच. कुढणारी बाई नव्हे ती. सुखात आहे, खाऊनपिऊन आहे, हसताना सगळे दात दाखवते. फक्त कागद भिजलेला बघितला की तिची बोटं आपोआप हलायला लागतात, आणि मग ती हात पदराखाली घेते.

तिची मुलगी दिपिका खोडाळ्याच्या आश्रमशाळेत शिकली, पुढे नाशिकला शिकली, आणि गेली तीन वर्षं ती दूर एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. काय करते असं कोणी विचारलं की फागी सांगायची, "दुर्बिणीत बघून बारीक गोळ्या करते." लोकांना वाटायचं औषधाच्या गोळ्या. दोन बायका तर गुडघेदुखीवर काही आहे का म्हणूनही विचारून गेल्या. खरं काय ते यंदा फेब्रुवारीत उलगडलं, कारण दिपिका चौदा दिवसांची सुट्टी काढून घरी आली आणि येताना बापासाठी काम घेऊन आली.

चुलीपाशी बसून तिनं सांगितलं ते असं. सूर्य जळतो तो लाकडावर नाही. त्याच्या पोटात हलके अणू एकमेकांत दाबले जातात, जोडले जातात आणि त्यातून ऊब निघते. तारापूरच्या वीजकेंद्रात अणू फोडतात. हे जोडायचं काम. जोडायला त्यांना इतकं दाबावं लागतं आणि इतकं तापवावं लागतं की तसं भांडंच जगात नाही. म्हणून एक युक्ती काढली आहे. नागलीच्या दाण्याएवढी पोकळ गोळी करायची, तिच्यात ते सरपण भरायचं आणि चहूबाजूंनी एकाच क्षणी लेसरचा मार द्यायचा. लेसर म्हणजे सरळ रेषेत जाणारा, एकवटलेला उजेड. गोळीचं साल बाहेर उडतं आणि आतलं सगळं आत दाबलं जातं. पापणी लवायला जो वेळ लागतो त्यात असे लाखो खेळ होऊन जातील, इतक्या झटक्यात.

"मंग झाला की सूर्य," फागी म्हणाली.

"कुठला होतोय, आये! तिथेच तर सगळं अडतंय."

अमेरिकेत एका प्रयोगशाळेत एकशे ब्याण्णव लेसर एका गोळीवर सोडतात. तीन-साडेतीन वर्षांमागे त्यांना पहिल्यांदा जमलं. दोन माप उजेड घातला, तीन माप ऊर्जा निघाली, आणि पुढे तर आठापर्यंत मजल गेली. पण तो दोन माप उजेड तयार करायला त्या लेसरांनी तीनशे माप वीज खाल्ली.

फागीनं भाकरी उलटली. "तीनशे मुठी पेरून तीन मुठी पीक? असं शेत कोण करील?"

"म्हणूनच अजून कोणी करत नाही," दिपिका हसून म्हणाली. "सगळे शिकतायत. आमच्याकडे तर लहानसाच लेसर आहे, अभ्यासापुरता."

अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन. त्या दिवशी खोडाळ्याच्या शाळेत दिपिकानं हेच सगळं समजावून सांगायचं होतं, आणि ते ऐकायला तिच्या विभागाच्या मोठ्या मॅडम, कर्णिक मॅडम, मुद्दाम येणार होत्या. ज्या फळ्यासमोर आपण अंगठे धरून उभे होतो तिथे उभं राहून बोलायचं, म्हणून पोरीचा जीव आधीच थोडा झाला होता. नुसतं बोलून कोणाला कळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं एक खेळ योजला होता. हंड्याएवढा कागदाचा पोकळ गोळा करायचा, तो उखळावर चुंबळीत ठेवायचा. भोवती बारा माणसं बारा बांबू घेऊन उभी करायची. संबळाचा ठोका पडला की बाराही जणांनी एकदम आत रेटायचं. सगळं जमून आलं तर गोळा जागच्या जागी चहूकडून सारखा चेपेल. एकानं घाई केली तर तो उडून जाईल. आणि गोळाच एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असला तर पातळ बाजू आधी बसेल आणि सगळा खेळ फसेल. खऱ्या गोळीचंही तंतोतंत असंच होतं.

"मॅडमना मी सांगून बसलेय," ती म्हणाली, "माझा बाबा यंत्रासारखा गोळा करील."

जैतूनं मिशीवरून हात फिरवला. रावणाची दहा तोंडं करणाऱ्याला एक गोळा तो काय!

त्यानं मातीचा मोठा गोळा थापला, बांबूच्या कडीतून फिरवून फिरवून गोल केला, राख लावली आणि थर द्यायला बसला. पाचव्या दिवशी वाळलेलं कवच कमरेतून कापून दोन वाट्या केल्या, माती काढली, वाट्या पुन्हा जोडल्या. दिसायला गोळा असा देखणा की पाड्यातली माणसं बघायला आली. दिपिकानं त्याच्यावर पेनानं एक ठिपका दिला, गोळा सपाट पाटावर ठेवला आणि हलकेच ढकलला. गोळा डुलला, फिरला, थांबला. ठिपका वर. पुन्हा ढकलला. ठिपका वर. दहा वेळा ढकलला, त्यात नऊ वेळा ठिपका आकाशाकडे बघत बसला.

"बाबा, खालची बाजू जड झालीये."

"जड कशी व्हईल? मोजून बारा थर दिलेत."

बारा थर खरंच दिले होते. त्यानं दुसरा गोळा केला, अधिक जपून, ओठ घट्ट मिटून. आणखी पाच दिवस गेले. दुसराही पाटावर डुलत डुलत एकाच कुशीवर आडवा झाला. जैतूनं तो हातात घेऊन बोटांनी चाचपला आणि मग त्याचा चेहरा असा पडला की फागीला बघवेना. त्याला कळलं होतं. गोळा मांडीत घेऊन बसलं की जी बाजू त्याच्याकडे, तिथे त्याची बोटं कपाळ शोधत होती. कपाळावर मुकुटाचा भार येतो, नाकाच्या दांड्यावर सगळं सोंग तोललेलं असतं, म्हणून तिथे कागद दुमडून घालायचा, अंगठ्यानं खळ जास्त दाबायची, हे चाळीस वर्षं त्या हातांनी केलं होतं. आता कपाळ नव्हतं, नाक नव्हतं, तरी हात ऐकत नव्हते. त्यानं गोळ्याला नकळत तोंड दिलं होतं.

"बिगर तोंडाचं काय मला करता येत नाय," तो म्हणाला आणि पडवीच्या खांबाला टेकून बसला.

चार दिवस उरले होते. दिपिका म्हणाली, राहू दे, फळ्यावर चित्र काढून सांगेन. पण आवाजात धीर नव्हता. आई ती, तिला तेवढं कळतं.

फागी उंबऱ्यावर बसली होती. तिनं विचारलं, "याला तोंड नाय ना?"

"नाही."

"देव नाय बसायचा यात?"

"नाही गं आये, देव कुठला?"

"मंग मी हात लावते."

जैतूनं बायकोकडे पाहिलं, मग भिजलेल्या कागदाच्या बादलीकडे पाहिलं. हो म्हणायला जीभ वळेना आणि नाही म्हणायला कारण सापडेना. देव नाही तर विटाळ कसला? शेवटी त्यानं बादली धरली, उंबऱ्यापर्यंत ओढत आणली आणि बाहेर सरकवली. मातीचा गोळाही उचलून अंगणात आणून ठेवला. फागीला तेवढं पुष्कळ झालं.

तिनं हात धुतले, पदर खोचला आणि पहिला कागद उचलला. थंडगार, बुळबुळीत कागद. चौतीस वर्षांनी. तिला हसूच आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं, ते तिनं दंडाला पुसलं.

तिच्या हाताला कपाळ माहीत नव्हतं. तिच्या हाताला माहीत होती नागलीची भाकरी. एक थाप, एक फिरकी. एक थाप, एक फिरकी. एकीकडे जाड राहिली तर तव्यावर कच्ची, पातळ झाली तर फाटते, म्हणून भाकरी कधी एका जागी थापत नाहीत, तिला फिरवत ठेवतात. फागीनं गोळा पाण्यानं भरलेल्या मडक्यासारखा चुंबळीवर बसवला आणि एक कागद लावला की गोळा वळवायचा, दुसरा लावला की वळवायचा, असं सुरू केलं. कुठून सुरुवात केली हे तिचं तिलाही थोड्या वेळानं सांगता आलं नसतं.

जैतूला चैन पडेना. "थोडा दाब."

"दाबला."

"कडेला खळ साचली हेर."

"हेरली. तू खळ ढवळ."

म्हणून तो चुलीपाशी गेला आणि खळ करपवून आला. इतक्या वर्षांत प्रथमच त्या घरात करपलेल्या चिंचोक्यांचा वास सुटला. फागीनं पातेल्यात डोकावून पाहिलं, काही म्हणाली नाही, पण दिवसभर ज्या तऱ्हेनं ती हसत होती ते म्हणण्यापेक्षा वाईट होतं.

वाळवायलाही तिनं गोळा एका कुशीवर ठेवला नाही. पाणी आणायला निघताना वळवला, आल्यावर वळवला, भात वैरताना वळवला. तिसऱ्या दिवशी कवच कापलं, सांध्याच्या कडा नदीतल्या गोट्यानं घासून पातळ केल्या आणि मग वरून एकच पट्टी फिरवली. दिपिकानं ठिपका दिला. पाटावर गोळा ढकलला. ठिपका बाजूला. पुन्हा ढकलला. ठिपका खाली दडला. मग वर, मग उलट बाजूला, मग कुठेतरी तिरकाच. वीस वेळा झाल्यावर दिपिकानं ढकलणं थांबवलं आणि आईच्या गळ्यात हात टाकले.

"आये, याला बाजूच नाही!"

"नायच," फागी म्हणाली. "देऊ कशाला?"

आदल्या दिवशी सकाळी पाड्यात तालीम झाली. तालमीला जैतूचे दोन गोळे होतेच. संबळ वाजवायला पांड्या बसला, बांबू धरायला बारा जण जमले, त्यांत रोहिदास सगळ्यांत उत्साही. पहिल्या ठोक्याआधीच त्यानं बांबू रेटला आणि गोळा उडून थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर. रोहिदासला सगळ्यांनी मिळून एवढं झापलं की पुढे तो प्राण कानात आणून उभा राहिला. दुसऱ्या गोळ्याच्या वेळी बाराही बांबू एका ठोक्याला गेले. तरीही गोळा चेपला नाही. पातळ बाजूनं फाटला, बांबू आरपार गेले आणि जाड बाजू उखळावर तशीच शाबूत उभी राहिली. जैतूनं ती उचलून निरखली.

"हेर, कपाळ," तो म्हणाला. स्वतःच हसला, पण हसणं फार लांबलं नाही.

आता तिसरा गोळा, एकच, आणि वेळही एकच. फाटला तर दिपिकाची तिच्याच शाळेत फजिती, मोठ्या मॅडमसमोर. आणि आयुष्यात एकदा हात लावायला मिळाला तो हात नापास. ही दुसरी गोष्ट फागी कोणाला बोलली नाही, पण रात्रीचं जेवण तिला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये ती गोळा मांडीवर घेऊन बसली. खोडाळ्याला उतरेपर्यंत चौघांनी विचारलं, जैतूदादा, हे कोणाचं सोंग? जैतू नुसता "हं" म्हणायचा. शाळेच्या मैदानात तर बोहाड्याची जुनी मंडळी भेटली, त्यांनी गोळा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, म्हातारपणी हात अजून घट्ट हाय रे तुझा. जैतूनं त्यावरही "हं" म्हटलं. फागीला ते लागलं. मग तिनं स्वतःला समजावलं की एवढ्या माणसांत त्यानं काय सांगावं, आणि कशाला. ती बायकांच्यात जाऊन बसली.

दिपिका बोलली मात्र छान. सुरुवातीला ती कागदावरून वाचत गेली, मग तिनं नागलीचा दाणा चिमटीत धरून वर केला आणि गाडी रुळावर आली. खोटी आशा तिनं कोणाला लावली नाही. म्हणाली, यात धूर नाही, आणि बिघडलं तर आपोआप विझतं, भडकत नाही. तारापूरसारखा हजारो वर्षं सांभाळायचा कचराही नाही, पण भोवतीच्या भिंती खराब होतात, त्या सांभाळाव्या लागतील. सरपणाची एक जात समुद्राच्या पाण्यात हवी तेवढी आहे, दुसरी इतकी दुर्मीळ की ती भट्टीतच तयार करत राहावी लागेल, आणि ते अजून कोणी पुरतं करून दाखवलेलं नाही. आज एक गोळी उडवली की पुढची उडवायला तास न् तास जातात. वीज करायची तर सेकंदाला दहा गोळ्या उडायला हव्यात.

"दिसाला किती झाल्या?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"साडेआठ लाखांच्या वर."

मैदानात हसू पसरलं. फागी शेजारणीला म्हणाली, "खळच किती लागंल गं," आणि त्या बायका हसायच्या थांबेनात.

रोहिदास उठला. तो मुंबईत बांधकामावर राहून आलेला, त्याला खोलात शिरायची सवय. "वैतरणेचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत मुंबईला जातं आन् आम्ही टँकरची वाट बघतो. ही वीजपण तशीच जायची काय?"

दिपिकानं नागलीचा दाणा खाली ठेवला. "रोहिदासकाका, वीज व्हायलाच अजून वीस-तीस वर्षं लागतील, कदाचित जास्त. कदाचित होणारही नाही. आणि झाली तर ती कोणाला द्यायची हे लेसर ठरवणार नाही. ते तेव्हाही भांडूनच घ्यावं लागेल."

"मंग बरोबर," रोहिदास म्हणाला आणि समाधानानं बांबू घ्यायला गेला. खरं उत्तर मिळालं की माणूस उगाच वाद घालत नाही.

गोळा उखळावर चढला. बारा जण भोवती उभे राहिले. फागीनं हात पदराखाली घेतले. पांड्यानं संबळावर एक, दोन, तीन ठोके नुसते मोजून दिले आणि चौथा जोरात दिला.

बारा बांबू आत गेले. फाटल्याचा आवाज आला नाही. कर्रर्र असा एकच आवाज आला, सगळीकडून, आणि गोळा उखळावरून तसूभरही न हलता आत बसत गेला, बसत गेला, दोन ओंजळींत मावेल एवढा झाला आणि थांबला. बांबू काढले तेव्हा त्याच्यावर बारा खळगे होते. कर्णिक मॅडम खुर्चीवरून उठून आल्या, त्यांनी प्रत्येक खळग्यात बोट घालून पाहिलं. सगळे सारखे खोल.

"दिपिका," त्या म्हणाल्या, "आपल्या सूक्ष्मदर्शकाखालच्यासुद्धा इतक्या सारख्या निघत नाहीत गं!"

मैदानात टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी जैतूला हाताला धरून पुढे आणलं. मॅडमनी पिशवीतून एक वही काढली. त्यांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक गोळीची नोंद होते, त्यांनी सांगितलं, कारण प्रयोग झाला की गोळी उरतच नाही. मागे राहतं ते वहीतलं नाव. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"कारागीर म्हणून लिहिते. जैतू... आडनाव?"

बोहाड्याची सगळी मंडळी तिथेच उभी होती. जैतूनं त्यांच्याकडे पाहिलं.

"माझं नका लिहू. माझे दोन होते, दोन्ही तिरके गेले. ह्यो हिनं केला."

"हिनं?" मंडळींतला सगळ्यांत म्हातारा म्हणाला. "कागदाला हात लावला?"

"लावला," जैतू म्हणाला. "माझ्यापरीस बरा लावला. चौतीस वर्सं मी तिला उंबऱ्यावर बसवून ठेवली, ती चूक माझी."

म्हाताऱ्यानं चेपलेला गोळा उचलला, एका खळग्यात बोट घालून पाहिलं आणि जपून परत उखळावर ठेवला. फागी बायकांच्यात बसली होती ती तशीच बसून राहिली. दिपिकानं येऊन तिला उठवलं. मॅडमनी वही पुढे केली आणि नाव तुम्हीच लिहा म्हणाल्या. फागी सहीपुरतं लिहायला शिकली होती. तिनं फा काढला, गी काढला, वेलांटी जरा मोठी झाली. तिनं ते एकदा वाचून पाहिलं, बोटांना लागलेली शाई पदराला पुसली आणि मॅडमना विचारलं,

"दुसरा कवा करायचा?"